“मी परत उठेन ना?” : भूल देतात म्हणजे नेमकं काय करतात

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मी वॉर्डात जाते तेव्हा सर्जनला विचारायचे सगळे प्रश्न विचारून झालेले असतात. टाके किती पडतील, घरी कधी सोडतील, खर्च किती येईल. मी भूल देणारी डॉक्टर आहे म्हटल्यावर नातेवाईक जरा सरकून जागा करून देतात आणि पेशंट माझ्याकडे निरखून बघतो. त्याच्या मनातला प्रश्न बाहेर येतो तो बहुधा नातेवाईक औषधं आणायला खाली गेल्यावर.

“मॅडम, मी परत उठेन ना?”

गेल्या महिन्यात एका काकूंनी हेच विचारलं. वय ५८, पित्ताशयात खडे, दुसऱ्या दिवशी सकाळी दुर्बिणीतून ऑपरेशन. “हो काकू, उठाल,” मी म्हटलं आणि स्टूल ओढून तिथेच बसले. तालुक्याच्या गावात बावीस वर्षं भूल देते आहे. या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देऊन निघून जाणं मला कधीच जमलं नाही. आपण काही वेळासाठी स्वतःचा श्वाससुद्धा एका अनोळखी बाईच्या हाती देणार आहोत, हे विचारणाऱ्याला नेमकं उमगलेलं असतं. तो हाती घेऊन आम्ही काय करतो, हे कळण्याचा त्याला हक्क आहे.

आधी झोपेविषयी. “आता छान झोप लागेल हं” असं आम्हीच सांगतो, त्यामुळे भूल म्हणजे गाढ झोप असं लोकांना वाटतं. पण झोपलेल्या माणसाला हाक मारली की जाग येते, डास चावला तरी येते. झोपेत माणूस कूस बदलतो, स्वप्नं बघतो, आणि उठल्यावर बराच वेळ गेला असावा असा त्याला अंदाज असतो. पूर्ण भुलीत यातलं जवळपास काही नसतं. ऑपरेशन संपवून बाहेर आणलेले कितीतरी जण विचारतात, “कधी सुरू करणार?” दोन तास गेलेत हे त्यांना पटत नाही. मेंदूच्या लहरींचा आलेख काढला तर ही अवस्था झोपेपेक्षा कोमाच्या जवळची दिसते. मात्र ती आम्ही मुद्दाम आणलेली असते, सतत मोजत असतो, आणि औषध थांबवलं की ती उतरते.

१८४६ साली ऑलिव्हर वेंडेल होम्स या अमेरिकन डॉक्टरने ‘ॲनेस्थेशिया’ हा शब्द सुचवला. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ संवेदना नसणं. आपल्याकडे ‘भूल’ म्हणतात, आणि मला आपला शब्द जास्त नेमका वाटतो. रानात भूल पडते तेव्हा माणूस ओळखीच्या वाटेवर उभा असतो आणि वाट विसरतो. हे विसरणं पूर्ण भुलीचा एक हिस्साच आहे. बाकीचे तीन म्हणजे शुद्ध जाणं, वेदनेला शरीराने दाद न देणं आणि स्नायू सैल पडणं. एकाच औषधाने हे चारही साधायचं तर ते इतकं जास्त द्यावं लागतं की हृदय आणि श्वास धोक्यात येतात. म्हणून आज आम्ही चार-पाच औषधं थोडी थोडी देतो. आमटीत तिखट, मीठ, आंबट वेगवेगळं बेतावं लागतं, तसंच. प्रत्येकाचं माप पेशंटचं वजन, वय, हृदय, मूत्रपिंडं आणि ऑपरेशन पाहून ठरतं.

आणि म्हणूनच मी आदल्या दिवशी इतके प्रश्न विचारते. ते कसे विचारायचे हे मला लोकांनी शिकवलं. सुरुवातीच्या वर्षांत मी विचारायची, “सकाळपासून काही खाल्लं का?” उत्तर यायचं, नाही. मग थिएटरच्या दारात कळायचं की चहा झालाय. चहा हे आपल्याकडे खाणं नाहीच. तो घेतला जातो, खाल्ला जात नाही. उपाशी राहा म्हटलं तर साबुदाण्याची खिचडी खाऊन आलेलेही मी पाहिलेत, कारण घरात उपाशी राहणं म्हणजे उपवास करणं. चूक त्यांची नव्हती, माझ्या प्रश्नाची होती. आता मी एकेका गोष्टीचं नाव घेऊन विचारते: चहा, दूध, बिस्किट, गोळीबरोबरचं पाणी, देवाचा प्रसाद.

पोट रिकामं का हवं, हेही सांगून टाकते, कारण कारण कळलं की माणसं नियम पाळतात. जागेपणी घास चुकून श्वासनलिकेकडे वळला तर ठसका लागतो आणि तो बाहेर फेकला जातो. भुलीत हा ठसका नाहीसा होतो, आणि जठराच्या तोंडाशी असलेली स्नायूंची गाठही सैल पडते. पोटात अन्न असेल तर ते वर येऊन, आम्लासकट, फुफ्फुसांत उतरू शकतं. १९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या कर्टिस मेंडेल्सन या डॉक्टरने बाळंतिणींमध्ये झालेल्या अशा घटना गोळा करून मांडल्या, तेव्हापासून हा धोका नीट समजला. साध्या हलक्या खाण्याला ६ तास, तळलेलं किंवा मटणाचं जेवण असेल तर ८, अंगावरच्या दुधाला ४ आणि नुसत्या पाण्याला २ तास पुरतात. आपला दुधाचा चहा पाण्यात मोडत नाही. पण रात्री दहापासून सकाळी अकरापर्यंत पेशंटला पाण्याचा थेंबही द्यायचा नाही ही कडक पद्धतही चुकीचीच. विशेषतः लहान मुलं त्यात फार सुकतात. पाणी कधीपर्यंत चालेल हे भूलतज्ज्ञाला थेट विचारा.

“काही व्यसन?” काकू म्हणाल्या, छे हो. “मशेरी लावता?” “ती लावते की, दोन वेळा.” मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच, आणि त्यातलं निकोटिन हिरड्यांतून थेट रक्तात जातं. त्याने नाडी आणि बीपी वाढतं. पण घरातल्या बायकांच्या हिशोबी ते दात घासणं आहे. तसंच दारूचं. रोज पिणाऱ्याला भुलीची औषधं वेगळ्या मापात लागू शकतात, आणि ऑपरेशननंतर दारू अचानक तुटल्याने दोन-तीन दिवसांत तो भ्रमात जाऊ शकतो. हे मला आधी कळलं तर तयारी करता येते. बायकोसमोर सांगायला संकोच वाटत असेल तर तिला बाहेर पाठवून सांगा. मी पोलीस नाही, सासूबाईही नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, दम्याचा पंप, कुणी दिलेल्या पुड्या आणि काढे, घरात कुणाला भुलीचा त्रास झाला असेल तर तो, हे सगळं सांगायचं. काही कुटुंबांत स्नायू सैल करणारं एक औषध शरीरात मोडणारं एन्झाइम जन्मतः कमी असतं. मग चार-पाच मिनिटांत उतरणारं औषध काही तास टिकतं आणि तोवर श्वास मशीनने द्यावा लागतो. “मामांना ऑपरेशननंतर खूप उशिरा जाग आली होती” या एका वाक्याने मी वेळीच सावध होते.

मग, “आ करा.” तोंड किती उघडतं, जीभ बाहेर काढल्यावर पडजीभ दिसते का. पडजीभ आणि आजूबाजूचा भाग किती दिसतो यावरून श्वासनलिकेत नळी घालणं किती अवघड जाईल याचा अंदाज बांधायची ही रीत १९८५ मध्ये शेषगिरी मल्लमपती या मूळच्या आंध्रच्या, बोस्टनमध्ये काम करणाऱ्या भूलतज्ज्ञाने मांडली. जगभर ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. तोंडात उभी तीन बोटं मावायला हवीत. गुटखा खाणाऱ्या पोरांच्या गालांची आतली कातडी चामड्यासारखी ताठरते आणि एकच बोट जातं. २०१२ पासून आपल्या राज्यात गुटख्यावर बंदी आहे, आणि तरीही पंचविशीतला, धडधाकट, हर्नियासाठी आलेला मुलगा समोर बसून तोंड उघडू शकत नाही, तेव्हा मला खरोखर वाईट वाटतं. अशा मुलाला आधी बेशुद्ध करणं धोक्याचं असतं. घसा बधिर करून, तो जागा असतानाच, नाकातून बारीक दुर्बीण सरकवत श्वासनलिकेपर्यंत जावं लागतं.

काकूंचं तोंड छान उघडलं. मग त्यांनी विचारलं, “मला पूर्ण नको, कमरेतून द्या ना. पण जावेला सिझरच्या वेळी दिली होती, तिची कंबर अजून दुखते. म्हणजे नको तीही.”

हे वाक्य मी आठवड्यातून तीनदा तरी ऐकते, म्हणून इथे थोडं थांबते. पाठीच्या कण्यातून मज्जारज्जू जातो, पण तो शेवटपर्यंत जात नाही. मोठ्या माणसात तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो. त्याखाली पाण्यासारख्या द्रवाची पिशवी असते आणि तिच्यात नसांचे सुटे धागे तरंगत असतात, पाण्यात सोडलेल्या शेवयांसारखे. आम्ही सुई त्याही खाली, बहुधा तिसऱ्या आणि चौथ्या मणक्यांच्या मधे घालतो. तिथे मज्जारज्जू नसतोच, आणि धागे सुईच्या टोकापासून सरकून जातात. म्हणूनच आम्ही “गुडघे पोटाशी घ्या, हनुवटी छातीला लावा, मांजरासारखी पाठ फुगवा” म्हणतो. तसं केलं की मणक्यांमधली फट उघडते. औषध दोन-तीन मिलिलिटर, म्हणजे चमचाभरसुद्धा नाही. ते नसांमध्ये सोडियम आत घेणारी दारं बंद करतं. नसेतून संदेश जातो तो ही दारं एकामागून एक उघडत गेल्यामुळे, त्यामुळे दारं बंद झाली की निरोप मेंदूपर्यंत पोचत नाही. थंड-गरम आणि वेदना आधी जातात, हालचाल मागून. म्हणून सुरी लावण्याआधी आम्ही स्पिरिटचा ओला बोळा पायाला लावून विचारतो, “थंड लागतं?” स्पर्श किंवा ओढाताण थोडी जाणवू शकते, दुखत नाही. हे आधी सांगून ठेवलं नाही तर पेशंट घाबरतो.

ही रीत जर्मनीतल्या कील शहरात ऑगस्ट बीअर याने १८९८ मध्ये सुरू केली. त्याने आणि त्याच्या मदतनिसाने ती एकमेकांवर करून पाहिली. मदतनिसाच्या नडगीवर हातोडी मारली, अंगावर पेटती सिगार टेकवली, त्याला काही कळलं नाही. बीअरला मात्र नंतर कित्येक दिवस भयंकर डोकं दुखलं; उठून बसलं की दुखायचं, आडवं झालं की थांबायचं. कारण सुईच्या भोकातून तो द्रव झिरपत होता. आजच्या सुया केसासारख्या बारीक असतात आणि टोक पेन्सिलीसारखं असतं, ते त्या पिशवीचा पडदा कापत नाही, पडद्याचे तंतू बाजूला सारतं. त्यामुळे ही डोकेदुखी आता क्वचित होते. झाली तरी तिच्यावर उपाय आहे, फक्त ती सांगायला हवी. अंगावर काढू नका.

आता कंबर. सुई टोचलेल्या जागी दोन-चार दिवस ठणकतं, हे खरं. पण वर्षानुवर्षांची कंबरदुखी सुईमुळे होत नाही. कण्यातून भूल घेतलेल्या आणि न घेतलेल्या बाळंतिणींची तुलना केली तेव्हा पुढे पाठ दुखण्याचं प्रमाण दोघींत सारखंच निघालं. नऊ महिने पोटाचा भार पुढे असतो, सांधे बांधणाऱ्या दोऱ्या संप्रेरकांनी सैल झालेल्या असतात, मग वाकून पाजणं, बाळाला उचलणं, रात्रीची जागरणं, आणि पोटाच्या स्नायूंकडे बघायला कुणालाच वेळ नसतो. सुईला दोष दिला की बाईला व्यायाम, कॅल्शियम आणि थोडी विश्रांती लागते हे घरात कुणी बोलतच नाही. मला या गैरसमजाचा खरा राग याच कारणाने येतो.

काकूंना मात्र पूर्ण भूलच द्यायची होती. दुर्बिणीच्या ऑपरेशनात पोट कार्बन डायऑक्साइडने फुगवतात, ते फुफ्फुसांना खालून दाबतं. अशा वेळी जागेपणी श्वास घेणं फार जड जातं. त्यांना कारण पटलं. मी उठायला लागले तशा म्हणाल्या, “मंगळसूत्र काढायलाच पाहिजे का?” मी म्हटलं, हो. ऑपरेशनमध्ये विजेवर चालणारी हत्यारं असतात, अंगावर धातू नको.

तासभर कोमाच्या जवळ जाऊन माणूस सुखरूप परत येतो, ही गोष्ट दोनशे वर्षांपूर्वी जवळजवळ कुणालाच माहीत नव्हती. सुश्रुतसंहितेत वेदना न सोसणाऱ्याला शस्त्रकर्माआधी तीक्ष्ण मद्य पाजायला सांगितलंय. त्याच ठिकाणी रुग्णाला आधी जेवू घाला असंही आहे, पण उदर, मुखरोग, अडलेला गर्भ अशा शस्त्रकर्मांना उपाशी ठेवा अशी ताकीदही आहे. जपानमध्ये हानाओका सेइशू याने १८०४ मध्ये धोतरा आणि बचनाग असलेला काढा पाजून स्तनाची गाठ काढली. युरोपात मात्र सर्जनची थोरवी त्याच्या वेगावरून ठरायची. चार माणसांनी धरून ठेवलेल्या रुग्णाचा पाय दोन-तीन मिनिटांत वेगळा करणारा तो उत्तम सर्जन.

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने गिल्बर्ट ॲबट नावाच्या तरुणाला ईथर हुंगवलं आणि जॉन वॉरन या बुजुर्ग सर्जनने त्याच्या मानेवरची गाठ काढली. ॲबट ओरडला नाही. नंतर म्हणाला, मानेवर काहीतरी खरवडल्यासारखं वाटलं. म्हणजे जगातली सगळ्यात गाजलेली भूल आजच्या मापाने अपुरीच होती, पण तेवढ्याने इतिहास बदलला. खरं तर जॉर्जियातल्या क्रॉफर्ड लाँग या डॉक्टरने १८४२ मध्येच ईथर वापरलं होतं. त्याने ते छापलं १८४९ मध्ये. ॲबटच्या ऑपरेशननंतर साधारण वर्षभराने, नोव्हेंबर १८४७ मध्ये, एडिंबरोच्या जेम्स सिम्पसनने क्लोरोफॉर्म आणलं. पुढच्याच जानेवारीत इंग्लंडमध्ये हॅना ग्रीनर ही १५ वर्षांची मुलगी पायाच्या अंगठ्याचं नख काढताना क्लोरोफॉर्मखाली दगावली. एका नखासाठी. भूल देणाऱ्या प्रत्येकाने तिचं नाव लक्षात ठेवावं असं मला वाटतं.

क्लोरोफॉर्म माणूस नेमका कसा मारतं, श्वास थांबवून की हृदय थांबवून, यावर चाळीस वर्षं वाद चालला. तो सोडवायला निजामाच्या पैशांवर हैदराबादेत १८८८ आणि १८८९ मध्ये दोन आयोग बसले. आपला मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता. तिथल्या मेडिकल स्कूलचे प्रमुख एडवर्ड लॉरी यांचा आग्रह होता की नाडी बघत बसू नका, श्वास बघा. याच शाळेत शिकलेल्या रूपाबाई फर्दुनजी या पारशी बाई तिथे क्लोरोफॉर्म देत. जगातल्या अगदी पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांत त्यांची गणना होते. लॉरींचं अर्धं म्हणणं पुढे चुकीचं ठरलं: क्लोरोफॉर्म हृदयही अचानक बंद पाडतं, हे १९११ मध्ये सिद्ध झालं. पण श्वासावरून नजर हलवू नका, हे त्यांचं सांगणं मी आजही रोज पाळते.

ही औषधं मेंदूत करतात तरी काय? मला इथे दोन गोष्टी आठवतात, दोन्ही पावसाळ्यातल्या. एक लाजाळू. फ्रान्सच्या क्लोद बर्नार याने काचेच्या हंडीखाली लाजाळूचं रोप ठेवलं आणि शेजारी ईथरचा बोळा. थोड्या वेळाने पानांना हात लावला तरी ती मिटेनात. मोकळी हवा मिळाल्यावर पुन्हा मिटू लागली. ज्याला मेंदूच नाही त्या झाडालाही भूल चढते, म्हणजे या औषधांचा परिणाम पेशीच्या पातळीवर कुठेतरी होत असणार. दुसरा काजवा. औषध चरबीत जितकं जास्त विरघळतं तितकी त्याची भूल जोरदार, असं १९०० च्या आसपास लक्षात आलं होतं. त्यामुळे पेशीभोवतीच्या चरबीच्या पडद्यावरच ते काम करत असणार असं बराच काळ धरून चालले. १९८४ मध्ये लंडनच्या फ्रँक्स आणि लीब यांनी काजव्याला उजळवणारं प्रथिन घेतलं. त्यात चरबी नव्हतीच, तरी भुलीच्या औषधांनी त्याचा उजेड मंदावला. तेव्हापासून शोध प्रथिनांकडे वळला.

आज एवढं माहीत आहे की काकूंना दुसऱ्या दिवशी दिलेलं प्रोपोफॉल हे शुद्ध घालवणारं औषध मेंदूतल्या ‘गाबा’ नावाच्या शांतवणाऱ्या रसायनाचा जोर वाढवतं. एरवी मेंदूचे भाग आपापसांत सतत कुजबुजत असतात, ज्याचं त्याचं वेगळं. औषध चढलं की ते मोठमोठ्या संथ लहरींत एका सुरात बांधले जातात. वर्गातली सगळी पोरं एका सुरात पाढे म्हणू लागली की आवाज भरपूर असतो, पण कुणाचं कुणाशी बोलणं होत नाही, तसं काहीसं. केटामिन या औषधाचा मार्ग वेगळाच आहे. जाणीव कुठे आणि कशी घडते हे विज्ञानाला उलगडलेलं नाही, त्यामुळे ती नेमकी कशी मावळते हेही पूर्ण उलगडलेलं नाही. पण किती औषधाला किती मावळते आणि केव्हा परत येते, हे आम्ही फार बारकाईने जाणतो.

सकाळी साडेआठला काकूंना आत आणलं. थिएटर थंड असतं, त्या कुडकुडत होत्या, सिस्टरने ब्लँकेट दिलं. हाताला सलाईन, छातीला तीन चिकट्या, दंडाला बीपीचा पट्टा, बोटाला चिमटा. हा चिमटा कोरोनात घरोघरी पोचला. तो ताकुओ आओयागी या जपानी इंजिनिअरच्या कल्पनेतून १९७० च्या दशकात आला, आणि आम्हाला त्याने मोठंच बळ दिलं. त्याआधी ओठ निळे पडले की ऑक्सिजन कमी झाला हे कळायचं. आता मॉनिटरचा ‘टुक टुक’ आवाज ऑक्सिजनबरोबर चढतो-उतरतो. मी पाठमोरी औषध भरत असले तरी सूर जरा उतरला की मान आपोआप वळते.

तीन मिनिटं तोंडावर मास्क धरून नुसता ऑक्सिजन. फुफ्फुसांत ही शिदोरी भरून घेतली की पुढे श्वास थांबल्यावर मला काही मिनिटं हातात मिळतात. नाहीतर ऑक्सिजन मिनिटभरातच उतरायला लागतो. मग वेदनेचं औषध. मग दुधासारखं पांढरं प्रोपोफॉल. सोयाबीनचं तेल आणि अंड्याच्या बलकातला एक घटक यांत ते मिसळलेलं असतं, म्हणून ते पांढरं दिसतं. शोधणारा जॉन ग्लेन हा स्कॉटलंडचा पशुवैद्य, आणि बाजारात ते आलं १९८६ मध्ये. “हाताला थोडं झोंबेल काकू.” त्या पुटपुटत होत्या, बहुतेक देवाचं नाव. अर्ध्या मिनिटात ओठ थांबले. पापणीला हळूच बोट लावलं, ती हलली नाही.

आता त्यांचा श्वास माझ्याकडे. स्नायू सैल करणारं औषध दिलं. हा औषधांचा वंश ॲमेझॉनच्या जंगलातल्या बाणांच्या विषातून, क्युरारेतून आला. १९४२ मध्ये माँट्रियलच्या हॅरॉल्ड ग्रिफिथने ते पहिल्यांदा भुलीसोबत नीट वापरलं. तीन मिनिटांनी जबडा सैल झाला, जीभ बाजूला सारली, स्वरतंतू दिसले, दोन पांढऱ्या रेघा. त्यांच्यामधून नळी आत. आत गेली हे नुसतं डोळ्यांवर विसंबून मानायचं नाही. मॉनिटरवर प्रत्येक उच्छ्वासाबरोबर कार्बन डायऑक्साइडची एक चौकोनी उंचवट्यासारखी आकृती उमटते. नळी चुकून अन्ननलिकेत गेली असेल तर ती उमटत राहत नाही. एक, दोन, तीन, चार चौकोन. मग मी सर्जनला मान हलवते. डोळ्यांवर चिकटपट्टी लावते, कारण भुलीत पापण्या नीट मिटत नाहीत आणि बुबुळ सुकतं.

यापुढचा तास बाहेरच्यांना सर्जनचा वाटतो. भूल देणारी तिथून निघून जाते असंही बऱ्याच जणांना वाटतं. मी डोक्याशी बसलेली असते. पोट फुगवलं की बीपी बदलतं, नाडी कधी एकदम मंदावते. तेव्हा “गॅस सोडा” असं सर्जनला सांगायचं काम माझं. भुलीचा वायू श्वासाबरोबर किती टक्के जातो-येतो हे यंत्रावर दिसत असतं, म्हणून मधेच जाग येण्याची भीती आज फार थोडी उरली आहे. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या मोठ्या पाहणीत २०१४ मध्ये असं प्रमाण साधारण १९ हजार भुलींत एक असं आढळलं. स्नायू सैल असलेला माणूस जागा झाला तर तो सांगू शकत नाही, म्हणून एकाही पेशंटच्या बाबतीत हे हलक्यात घ्यायचं नसतं.

शेवटचा टाका पडत आला तशी मी वायू बंद केला, स्नायूंचं औषध उतरवणारं औषध दिलं. काकूंनी स्वतःचा पहिला श्वास घेतला तो चौकोन लहान आणि वाकडा होता. मग मोठे होत गेले. “काकू, डोळे उघडा. मान उचला. धरून ठेवा.” पाच सेकंद मान वर राहिली, तेव्हा नळी काढली.

बाहेर त्या थरथरत होत्या, घसा खवखवत होता, थोडं मळमळत होतं. यातलं काही ना काही बऱ्याच जणांना होतं आणि बहुधा काही तासांत निवळतं. मुलगी धावत आली आणि गदागदा हलवून विचारू लागली, “आई, मला ओळखलंस का? मी कोण सांग?” तिला मी शांत केलं. या वेळी परीक्षा घ्यायची नसते. हात धरायचा, हळू आवाजात ‘ऑपरेशन झालं, सगळं ठीक आहे’ एवढं सांगायचं. म्हाताऱ्या माणसांना चष्मा आणि कानाचं यंत्र लगेच द्यायचं. ते नसलं की आधीच गोंधळलेला मेंदू आणखी भरकटतो, कधी दोन-दोन दिवस.

काकूंनी डोळे पूर्ण उघडले. मुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग हात गळ्याशी गेला.

“मंगळसूत्र कुणाकडे दिलंय?”

मुलीने ओढणीच्या गाठीतून ते काढून दाखवलं. मी कागदावर वेळ लिहिली, ९ वाजून ५५ मिनिटं, आणि पुढे लिहिलं: पूर्ण शुद्धीवर.